कळलावी, गाऊटची गोळी आणि कांद्याचं मूळ



आमच्या चितेगावच्या दवाखान्यात 'युरिक ॲसिड वाढलंय' म्हणत येणारे रुग्ण आता नवीन नाहीत. पायाचा अंगठा लालबुंद, चादर लागली तरी जीव जातो. हा गाऊट, म्हणजे आयुर्वेदातला वातरक्त. अशाच एका गृहस्थांना मध्यंतरी जुलाब-उलट्यांनी बेजार झाल्यावर घरच्यांनी आणलं. नातेवाइकाच्या जुन्या चिठ्ठीवर 'कोल्चिसिन, दर तासाला एक, जुलाब लागेपर्यंत' असं लिहिलेलं पाहून त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या. सलाईनवर ते बरे झाले. जाताना त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, दुखतो अंगठा, मग गोळी पोटाला का लागते?"

या प्रश्नाचं खरं उत्तर कांद्याच्या मुळात सापडतं.

औषध जुनं, विषही जुनं

युरोपात आणि पश्चिम आशियात कोल्चिकम नावाचं कंदाचं झाड होतं. सहाव्या शतकात ट्रालेसचा अलेक्झांडर हा वैद्य सांधेदुखीवर या जातीचा कंद देत असे. आपल्याकडचे युनानी हकीम याच कुळातल्या काश्मिरी कंदाला सुरंजान म्हणतात. 1763 मध्ये व्हिएन्नाच्या श्टोर्क या डॉक्टरांनी कोल्चिकमचा औषधी वापर पुन्हा पुढे आणला. 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातला गुणकारी अंश वेगळा काढला. 1833 मध्ये गायगर यांनी त्याला 'कोल्चिसिन' हे नाव दिलं.

आपल्या महाराष्ट्रात हेच रसायन एका ओळखीच्या वेलीत आहे. पावसाळ्यात बांधावर, झुडपांत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात, पानाचं टोक वळून आधाराला धरतं, ती कळलावी. हिचा कंद नांगरासारखा दिसतो म्हणून संस्कृतात ती लांगली. आयुर्वेदाने तिला उपविषांत बसवलं आहे. कळा लावणारी, म्हणजे बाळंतपणाच्या वेणा आणणारी, म्हणून कळलावी. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीच्या तळव्यांना, बेंबीभोवती हिचा कंद उगाळून लावत. घरात भांडणं लावते म्हणून ही वेल दारात नको, असंही म्हणतात. भांडणाचं मला माहीत नाही, पण मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी ती नको, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. तिच्यात कोल्चिसिन आहे हे 1915 मध्ये रासायनिक तपासणीतून समोर आलं.

पेशी अर्ध्यावर का थांबतात?

1889 मध्ये इटलीच्या पेर्निचे यांनी कोल्चिकम दिलेल्या कुत्र्यांच्या पोटा-आतड्याचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. असंख्य पेशी विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर अडकलेल्या दिसल्या. हे निरीक्षण जवळपास विसरलं गेलं. 1930 च्या दशकात ब्रुसेल्सच्या द्युस्तँ यांच्या प्रयोगशाळेने ते पुन्हा उजेडात आणलं.

मग वनस्पतिशास्त्रज्ञ सरसावले. 1937 मध्ये अमेरिकेत ब्लेक्स्ली आणि एव्हरी यांनी कोल्चिसिनने झाडांच्या पेशींतली गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या लेव्हान यांनी कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिनचा परिणाम तपशिलाने लिहिला. गुणसूत्रं दुप्पट होत, पण दोन टोकांना ओढली जात नसत. बिनबियांचं टरबूज याच युक्तीतून आलं: 22 गुणसूत्रांचं रोप 44 चं करायचं, त्याचा साध्या रोपाशी संकर करायचा आणि 33 गुणसूत्रांचं फळ मिळवायचं. घाबरू नका, औषध लावतात ते संकराआधीच्या रोपाला. तुमच्या ताटातल्या फोडीत ते येत नाही.

झाडाची पेशी भिंत कशी बांधते?

आपली पेशी विभागताना मधोमध आवळली जाते, दोरीने पिशवी आवळावी तशी. झाडाच्या पेशीला बाहेरून टणक भिंत असते, ती आवळणार कशी? म्हणून ती आतून नवी भिंत बांधते, मधून सुरू करून कडेपर्यंत.

त्यासाठी गॉल्जी या पेशीतल्या भागातून मालाने भरलेल्या बारीक पिशव्या निघतात. सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून त्या मधोमध पोचतात आणि एकमेकींत मिसळून सलग पडदा होतो. 1960 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे उघड केलं. रूळच मोडले तर पिशव्या जागेवर पोचत नाहीत आणि भिंत नीट उभी राहत नाही. कोल्चिसिन नेमके हेच रूळ मोडतं. 1967 मध्ये शिकागोच्या बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसिन ज्याला चिकटतं ते प्रथिन वेगळं काढलं. ते म्हणजे या नलिकांची वीट, ट्युब्युलिन.

पण पिशव्या पोचल्यावर मिसळतात कशा? 1996 मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांना एका रोपात बिघडलेलं जनुक सापडलं. त्या रोपाच्या पेशींत भिंती अर्धवट राहत आणि एकाच पेशीत अनेक केंद्रकं दिसत. जनुकाचं नाव 'क्नोले', जर्मनमध्ये कंद. त्याचं प्रथिन विभाजनाच्या वेळी या पडद्यावर पोचवलं जातं आणि पिशव्यांचे पडदे जुळवतं. याच घराण्यातली प्रथिनं आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशीही काम करतात. धनुर्वाताचं विष त्यांच्यातल्याच एका प्रथिनाला कापतं. पेशींतल्या या पिशव्यांची वाहतूक उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना 2013 चं नोबेल मिळालं.

मग तुमच्या अंगठ्याचं काय?

गाऊटमध्ये सांध्यातल्या खड्यांवर पांढऱ्या पेशी धावून जातात आणि सूज वाढवतात. त्यांच्या धावण्यालाही हेच रूळ लागतात. थोडं कोल्चिसिन त्यांना आवरतं. जास्त झालं की सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींना पहिला फटका बसतो: आतड्याचं अस्तर, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, केसांची मुळं. म्हणून आधी जुलाब-उलट्या, मग रक्तपेशी घटणं, वाचलेल्या रुग्णाचे दोनेक आठवड्यांनी केस गळणं. वनस्पतींचं ट्युब्युलिन या औषधाला फार कमी चिकटतं. माणसाचं चांगलंच चिकटतं.

जुन्या चिठ्ठीत डॉक्टरांची चूक नव्हती, तेव्हाची पद्धतच तशी होती. पण 2010 च्या एका चाचणीत तासाभरात मिळून 1.8 मिलिग्रॅम देणं हे सहा तासांत 4.8 मिलिग्रॅम देण्याइतकंच उपयोगी ठरलं. जुलाब मात्र कितीतरी कमी झाले.

लक्षात ठेवा

- कोल्चिसिन दुसऱ्याच्या किंवा जुन्या चिठ्ठीवर घेऊ नका. दुखणं थांबत नाही म्हणून स्वतःहून मात्रा वाढवू नका.
- मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही औषधं सोबत घेतली तर कोल्चिसिन शरीरात साठतं.
- कळलावीचा कंद रताळं किंवा कोनफळ समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. शिजवूनही विष जात नाही.
- गरोदर बाईला वेणांसाठी तो पोटात देऊ नका, लावूही नका. कळा लांबल्या तर थेट रुग्णालय गाठा.
- कंद पोटात गेला असेल तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. सुरुवातीचे काही तास माणूस ठणठणीत दिसू शकतो. यावर सहज मिळणारा उतारा नाही, वेळ हाच उपाय. उरलेला कंद सोबत आणा, म्हणजे ओळख पटते.

ते गृहस्थ आता बरे आहेत. ती जुनी चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोरच फाडली. तुमच्या घरातल्या डब्यात अशी एखादी असेल, तर आज काढून बघा.