मिजास आणि दिमाख

आमच्या जुन्या नाशकातल्या घरी पाहुणा आला की अब्बा अदबीने विचारत, ‘मिजाज कैसे हैं?’ म्हणजे प्रकृती कशी आहे. हाच शब्द चौकात मात्र ‘फार मिजास करतो लेकाचा!’ असा कानी पडे. प्रकृतीच्या चौकशीवरून भांडण कसले, हे मला लहानपणी कळत नसे.

‘दिमाख’चेही तसेच. मूळ अरबी ‘दिमाग’ म्हणजे मेंदू. मराठीत येईपर्यंत मेंदू गळाला, डौल तेवढा उरला! शेख म्हणजे वडीलधारा, मान्यवर. त्याच्यापासून ‘शेखी’ आली, ती मिरवण्यापुरती.

मोगलाईत आपल्या नाशिकचे नाव गुलशनाबाद होते आणि दरबारची भाषा फारसी. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सुमारे १४०० कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पण मिजास, शेखी, मगरुरी यांचा मुक्काम दफ्तरात नव्हता, लोकांच्या तोंडी होता. तिथून त्यांना कोण हलवणार? मला वाटते, दरबारी ऐट सोसणाऱ्यांनी दरबाराचेच शब्द त्याच्यावर उलटवले असावेत.

पुढे इंग्रज आले. त्यांच्या ‘लॉर्ड’चा आपण ‘लाट’ केला. रावबहादूर, खानबहादूर हे सरकारी किताब स्वातंत्र्यानंतर गेले. १९५०च्या संविधानातले १८वे कलम त्यासाठीच आहे. लाटसाहेब मात्र घरोघरी राहिले.

तरुणपणी एका कविसंमेलनात मला पहिले बक्षीस मिळाले. अध्यक्ष मोठ्या दिमाखात उशिरा आले. शाल देताना माइकवरून म्हणाले, ‘मुसलमान असून यांचे मराठी किती शुद्ध!’ टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटले, ‘काय ही मिजास!’ तो आवाज ज्या कुणाचा होता, त्याचा मी आजही ऋणी आहे. अध्यक्षांना सांगावेसे वाटले, की साहेब, ज्या भाषेत तुमची टिंगल होते आहे, तिच्यातला अर्धा मसाला आमच्या घरच्या डब्यातला आहे. पण बोललो नाही. शाल सुंदर होती.

ती पांघरूनच रात्री घरी गेलो, सकाळीही पांघरून अंगणात उभा राहिलो. अम्मीने एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले.

‘लाटसाब,’ ती म्हणाली, ‘नल आया. हंडा उठाव.’