दफ्तर मोडणारी चाचणी : सबव्हर्जन, वेबकिट आणि दोन पीडीएफ (२०१७)

फेब्रुवारी २०१७ चा अखेरचा आठवडा. ॲपलच्या सफारी ब्राउझरचा गाभा म्हणजे वेबकिट. या प्रकल्पाच्या मध्यवर्ती साठ्यात एक नवी चाचणी जमा झाली. चाचणीचा हेतू उत्तम होता आणि तिची गरजही होती. मात्र ती जमा होताच साठा वाचताना चुकीचे संदेश येऊ लागले आणि पुढील काम खोळंबले. हल्लेखोर कोणीच नव्हता. दफ्तर मोडले ते त्यात ठेवलेल्या एका परीक्षेमुळे. त्या प्रसंगाचा हा थ्रेड.

प्रथम दफ्तराविषयी. अनेक माणसे एकाच संगणकीय ग्रंथावर वर्षानुवर्षे काम करतात, तेव्हा कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद ठेवणारी प्रणाली म्हणजे व्हर्जन कंट्रोल. जुना पाठ पुसायचा नाही, प्रत्येक पाठभेद जपायचा, हा तिचा धर्म. वेबकिटचे दफ्तर ‘सबव्हर्जन’ या प्रणालीत होते. तिची १.० आवृत्ती २३ फेब्रुवारी २००४ रोजी प्रसिद्ध झाली. ही तारीख लक्षात असू द्यावी.

सबव्हर्जनचा साठा आरंभी बर्कली डीबी या डेटाबेसवर उभा होता. २००४ मध्येच त्याला एफएसएफएस हा पर्याय आला. त्यात प्रत्येक बदल साध्या फायलींत लिहिला जाई. प्रणालीचा चाचणीसंचही पहिल्यापासून मोठा होता आणि त्याच चाचण्या दोन्ही साठवण-पद्धतींवर चालवता येत. फाइल ठेवा, बदला, पुसा, जुनी आवृत्ती मागा आणि मिळालेला मजकूर मूळाशी ताडून पाहा, अशी त्यांची रीत. दुरुस्ती करणाऱ्याने चाचणीही लिहावी आणि ती दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून जावी, ही शिस्त या जगात एव्हाना रुजली होती.

मार्च २००९ मध्ये १.६ आवृत्ती आली आणि साठ्यात एक काटकसर शिरली. तोच मजकूर दोनदा आला तर दुसरी प्रत लिहायचीच नाही, पहिलीकडे बोट दाखवायचे. पण मजकूर तोच आहे हे ओळखायचे कसे? त्यासाठी एसएचए-१ हे सूत्र वापरले गेले. कोणत्याही फाइलमधून हे सूत्र १६० बिटांचा एक ठसा काढते. ठसा जुळला की फाइल तीच, असे मानले गेले. संपूर्ण मजकूर ताडून पाहण्याचे कष्ट वाचले.

हे गृहीतक निष्काळजीपणाचे होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एसएचए-१ तत्त्वतः मोडता येईल, हे चिनी गणितज्ञ शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्येच दाखवले होते. तथापि समान ठशाच्या दोन भिन्न फायली प्रत्यक्षात कोणी पाहिलेल्या नव्हत्या, आणि योगायोगाने तसे घडण्याची शक्यता नगण्य होती. अपघाताचा हिशेब अचूक होता, पण मुद्दाम घडवलेल्या जोडीचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. शिवाय या गृहीतकाची चाचणी लिहिणार तरी कशी? तिला लागणारी फायलींची जोडी जगात कुणापाशीच नव्हती. परीक्षकाने कितीही बारकाईने संच वाचला असता, तरी तिथे काय उणे आहे हे दाखवायला त्याच्या हाती पुरावा नव्हता.

तो पुरावा आला २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, सबव्हर्जन १.० च्या बरोबर तेराव्या वाढदिवशी! ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी ‘शॅटर्ड’ या नावाने दोन पीडीएफ जाहीर केल्या. दोन्ही ४,२२,४३५ बाइटांच्या. एकीची पार्श्वभूमी निळी, दुसरीची लाल, आणि एसएचए-१ ठसा मात्र एकच. ही जोडी घडवायला सुमारे ९२२ कोटी अब्ज वेळा सूत्र चालवावे लागले होते.

वेबकिटमधील मंडळी सावध होती. ब्राउझरचा स्वतःचा तात्पुरता साठाही त्याच सूत्राने दुहेरी प्रती टाळत असे. एकीच्या जागी दुसरी फाइल वाचकाच्या गळ्यात मारता येईल काय, हे तपासायला हवे होते. घोषणेला जेमतेम एक दिवस उलटतो न उलटतो तोच त्यासाठी चाचणी तयार झाली. तिच्यासोबत अर्थातच त्या दोन पीडीएफही दफ्तरात दाखल झाल्या.

आता दफ्तराच्या आत काय घडले ते पाहू. पहिली पीडीएफ नीट लिहिली गेली. दुसरीचा ठसा जुळल्यामुळे सबव्हर्जनने तिचा मजकूर लिहिलाच नाही, पहिलीकडे निर्देश करून ठेवला. पण प्रत्येक फाइलसोबत एमडी५ या आणखी जुन्या सूत्राचाही ठसा नोंदवला जाई, आणि तो खऱ्या दुसऱ्या फाइलचा होता. वाचताना मजकूर निघाला पहिलीचा, नोंद होती दुसरीची. मेळ बसेना, म्हणून प्रणालीने वाचनच नाकारले. गंमत अशी की एमडी५ कधीचे निकालात निघालेले होते. नव्या पहारेकऱ्याने आत सोडलेला तोतया निवृत्त म्हाताऱ्याने ओळखला, इतकेच.

फायली पुसूनही सुटका होईना, कारण असे दफ्तर इतिहास विसरत नाही. नवी आवृत्ती साफ झाली तरी तो एक बदल मागे राहिलाच, आणि प्रत्येक बदल क्रमाने वाचत जाणाऱ्या नकला तिथे येऊन अडल्या.

ही चाचणी वाचणाऱ्याने काय पाहायचे होते? ती ब्राउझरबद्दल योग्य प्रश्न विचारते का, उत्तर योग्य रीतीने तपासते का, हेच. परीक्षणाची सारी परंपरा चाचणीच्या अर्थाकडे पाहण्याची आहे. चाचणी हीसुद्धा शेवटी एक फाइल असते आणि तीही कुठेतरी ठेवावी लागते, याकडे लक्ष जाण्याचे कारणच पडत नसे. एखाद्याला दोष द्यावा असे यात फारसे काही नाही.

सबव्हर्जनकारांनी प्रथम अशा फायली दारातच अडवणारी एक छोटी लिपी दिली. मग जुलै २०१७ च्या १.९.६ आवृत्तीत मूळ दुखण्यावर इलाज केला : ठसा जुळला तरी प्रत वाचवण्यापूर्वी मजकूर ताडून पाहायचा. २००९ मध्ये वाचवलेले कष्ट असे परत आले.

आणि गिट? लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेली ही प्रणाली तर सारा साठाच एसएचए-१ ने ओळखत होती. पण ठसा काढण्यापूर्वी गिट मजकुराच्या आधी वस्तूचा प्रकार आणि लांबी लिहिते. तेवढ्याने या विशिष्ट जोडीचे ठसे वेगळे पडतात. टॉरवाल्ड्स यांनी घाबरण्याचे कारण नाही असे सांगितले. तरीही मे २०१७ च्या २.१३ आवृत्तीपासून असा घडवलेला मजकूर ओळखणारे सूत्र गिटमध्ये मूळचेच बसवले गेले, आणि २०२० मध्ये एसएचए-२५६ चा प्रायोगिक पर्यायही आला.

गिटच्या चाचण्या वाचण्यासारख्या आहेत. टी५३०३ या क्रमांकाची चाचणी साठ्याची फाइल मुद्दाम बिघडवते आणि शाबूत प्रत अन्यत्र असल्यास गिटला ती सापडते का, ते पाहते. टी०००० तर खुद्द चाचणीयंत्रणेचीच परीक्षा घेते. २०१७ मध्ये त्यांत टी००१३ ची भर पडली. ती एक पीडीएफ ठसा काढायला देते आणि आज्ञा अयशस्वी झाली तरच उत्तीर्ण होते.

ती फाइल म्हणजे शॅटर्डच्या जोडीतील पहिली पीडीएफ. गिटच्या स्वतःच्या दफ्तरात ती आजही सुखरूप आहे. वेबकिटनेही २०२२ मध्ये सबव्हर्जन सोडून आपले दफ्तर गिटमध्ये हलवले.