अनुमापन: कारखान्यातून शाळेच्या प्रयोगशाळेत

अनुमापनाची पद्धत सिद्धांतातून जन्मली नाही, ती बाजारातून आली. व्हिनेगर किती आंबट आहे, कापड धुण्याच्या राखेत दम किती आहे, नाण्यातली चांदी किती अस्सल आहे, हे व्यवहार करणाऱ्याला झटपट आणि भांडणाला जागा न ठेवता कळायला हवे होते. बारावीच्या प्रात्यक्षिकात ब्युरेट, पिपेट आणि शंकुपात्र घेऊन जे केले जाते, त्याची सुरुवात १८व्या शतकात फ्रान्स आणि स्कॉटलंडमध्ये झाली. या क्रियेत आयन भाग घेतात हे उमगायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

क्लोद जोझेफ जोफ्र्वा यांनी १७२९ मध्ये व्हिनेगरची तीव्रता मोजली. पोटॅशियम कार्बोनेटची पूड ते थोडी थोडी टाकत गेले आणि फेस यायचा थांबला तेव्हा थांबले. जितकी पूड अधिक लागली, तितके व्हिनेगर तीव्र. स्कॉटलंडमध्ये फ्रान्सिस होम यांनी १७५६ मध्ये लिनन शुभ्र करणाऱ्यांसाठी हाच हिशेब उलटा मांडला. राखेवर सौम्य नायट्रिक आम्ल ओतायचे आणि किती चमचे लागले ते मोजायचे. चहाचा चमचा हेच त्यांचे माप होते. फेस नेमका कधी थांबला हे सांगणे मात्र अवघड जाई. १७६७ मध्ये विल्यम लुइस यांनी त्यासाठी लिटमसच्या रंगबदलाचा आधार घेतला आणि अंत्यबिंदू डोळ्यांना स्पष्ट दिसू लागला.

बर्थोले यांनी क्लोरीनने कापड शुभ्र करण्याची रीत काढल्यावर प्रश्न आणखी तातडीचा झाला. द्रावण सौम्य असेल तर कापड मळकट राही, तीव्र असेल तर धागाच कुजे. रूआँ हे फ्रान्समधले कापडाचे मोठे केंद्र. तिथल्या देक्र्वाझिल यांनी १७९५ मध्ये खुणा केलेल्या काचनळीचे एक उपकरण प्रसिद्ध केले. ठरावीक निळीचा रंग घालवायला ब्लीचचे द्रावण किती लागते, यावरून ब्लीचचा जोर कळे. यातली उणीव निळीतच होती, कारण दोन ठिकाणची नीळ सारखी नसते. ज्याने मोजायचे तेच पक्के नसेल तर मोजमाप कसले? प्रमाण द्रावणाचा विचार या अडचणीतून पुढे आला आणि तो तडीस नेला गे-ल्युसॅक यांनी.

पॅरिसच्या टांकसाळीत चांदीचा कस पूर्वापार भट्टीवर पाहत. हाडांच्या राखेच्या वाटीत चांदी शिशाबरोबर वितळवली की हिणकस धातू वेगळे होत. पण त्याबरोबर थोडी चांदीही जाई आणि कस कमी भरे. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने हा तोटा लहान नव्हता. गे-ल्युसॅक यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून तिच्यात मिठाचे द्रावण घालत. हे द्रावण असे बेतलेले होते, की त्याच्या १०० मिलिलिटरने बरोबर १ ग्रॅम चांदीचा अवक्षेप व्हावा. म्हणजे लिटरमागे जेमतेम साडेपाच ग्रॅम मीठ. बाटली जोराने हलवली की पांढरा साका गोळा होऊन खाली बसे आणि वरचे पाणी नितळ होई. मग दहापट सौम्य द्रावण मिलिलिटर-मिलिलिटरने घालायचे. पुन्हा धूसर ढग उठला तर चांदी शिल्लक आहे, नाही उठला तर संपली. एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम चांदी. तराजूचे काम द्रावणाच्या मापावर आणणारी ही पद्धत त्या काळाच्या मानाने थक्क करणारी अचूक आहे.

पुढची पावले भराभर पडली. मार्गरीत यांनी १८४६ मध्ये लोह मोजण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरले. त्याला वेगळा दर्शक लागतच नाही. जर्मनीच्या फ्रीडरिश मोर यांनी ब्युरेटच्या तोंडाशी रबरी नळी आणि चिमटा बसवला, त्यामुळे एकेक थेंब सोडणे हातात आले. १८५५ मध्ये त्यांचा अनुमापनावरचा ग्रंथ निघाला. प्रमाण द्रावणासाठी त्यांनी ऑक्झॅलिक आम्लाचा पुरस्कार केला. त्याचे स्फटिक कोरडे राहतात, नेमके तोलता येतात. सोडियम हायड्रॉक्साइड मात्र तोलता तोलताच हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. म्हणून आजही ३.१५ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल २५० मिलिलिटर पाण्यात घेऊन ०.१ मोलर द्रावण करतात आणि त्यावरून इतर द्रावणांची तीव्रता ठरवतात. फिनॉल्फ्थॅलीन दर्शक म्हणून १८७७ मध्ये आले, मिथिल ऑरेंज १८७८ मध्ये.

इथवर ‘काय होते’ ते माहीत होते, ‘का’ ते नव्हते. कोणतेही तीव्र आम्ल आणि कोणतीही तीव्र आम्लारी घ्या, उदासिनीकरणात मोलमागे उष्णता जवळपास तितकीच, सुमारे ५७ किलोजूल, बाहेर पडते. स्वीडनच्या आरेनियस यांनी १८८७ मध्ये पूर्णपणे मांडलेल्या आयन-सिद्धांतात याचे उत्तर होते. खरी अभिक्रिया एकच: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घेतले, तर सोडियम आणि क्लोराइड नुसते प्रेक्षक. टांकसाळीतल्या बाटलीतही चांदीचा आयन आणि क्लोराइड आयन एवढेच एकत्र येत होते. मिठातल्या सोडियमचा त्यात काही संबंध नव्हता. ओस्टवाल्ड यांनी १८९४ च्या ग्रंथात याच विचाराने दर्शकांचे वर्तन समजावले.

शाळेत आयनिक समीकरणाचा खरा उपयोग परमँगनेटच्या प्रयोगात होतो. ऑक्झॅलिक आम्ल सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. पहिल्या थेंबांचा जांभळा रंग रेंगाळतो, मग तयार झालेले मँगनीज आयनच अभिक्रियेला वेग देतात आणि रंग झपाट्याने जातो. आम्ल सल्फ्युरिकच लागते, कारण हायड्रोक्लोरिक आम्लातल्या क्लोराइडवरही परमँगनेट खर्च होते. समीकरणात २ परमँगनेट आयनांमागे ५ ऑक्झॅलेट आयन येतात, म्हणून ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाच्या १० मिलिलिटरला ०.०२ मोलर परमँगनेट २० मिलिलिटर लागते. जुन्या नॉर्मॅलिटीच्या हिशेबात हे २ आणि ५ दिसतच नसत. शिवाय परमँगनेट आम्लात ५ इलेक्ट्रॉन घेते आणि उदासीन द्रावणात ३, त्यामुळे एकाच बाटलीतल्या द्रावणाची नॉर्मॅलिटी प्रयोगागणिक बदले. अभ्यासक्रमात मोलॅरिटीला मुख्य स्थान मिळाले, त्यामागे हे एक भक्कम कारण आहे.