जुनी आज्ञा, नवी चिप

अल्लीपूरसारख्या गावात लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पोचतो, पण तो जुळवायला गाठावा लागतो डीटीपीवाल्याचा विंडोज पीसीच. खिशातला फोन त्या पीसीहून नवा असला तरी तिथलं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. एक तर फोनमध्ये विंडोज नसतं. दुसरं, चिपचं कूळच वेगळं. पीसीचं कूळ इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ पर्यंत जातं. फोनचं, केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत १९८५ साली चाललेल्या पहिल्या एआरएम चिपपर्यंत.

एकीसाठी लिहिलेलं दुसरीवर चालवायची युक्ती मात्र या दोघींहून जुनी. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा १४०१ या जुन्या यंत्रावर हिशेब बसवलेले ग्राहक हातचे जायची भीती होती. तुमचे १४०१ चे प्रोग्रॅम आमच्या यंत्रावर उतरवून देतो, असं हनीवेलने आधीच जाहीर केलं होतं. मग आयबीएमने नव्या यंत्रातच जुन्याची नक्कल बसवली. तिचं नाव एम्युलेटर. उदारपणा कसला, धंदाच तो! पुढे ॲपलनेही १९९४, २००६ आणि २०२० मध्ये चिप बदलताना हेच केलं.

आत काय चालतं? ‘मेमरीत अमुक जागी पाच मिळव’ ही इंटेलला एकच आज्ञा. एआरएमसाठी ती फोडावी लागते: आकडा उचल, पाच मिळव, परत ठेव. दर वेळी अर्थ लावत बसलं तर प्रोग्रॅम रांगेल. म्हणून एकदा भाषांतर केलेला तुकडा जपून ठेवायचा, पुढच्या खेपेला तोच चालवायचा. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ साली आणलेल्या क्यूईएमयू या एम्युलेटरमुळे हे तंत्र कुणालाही फुकट वापरता येऊ लागलं.

विंडोजची उणीव १९९३ पासून घडत आलेलं वाइन हे सॉफ्टवेअर भरून काढतं: प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, ते लिनक्सकडून, म्हणजे अँड्रॉइडच्याही गाभ्याकडून, मिळवून देतं. बॉक्स६४ इंटेलच्या आज्ञा एआरएमच्या करतं, आणि नेहमीच्या लायब्ररींचं (तयार कोडच्या संचांचं) काम एआरएमसाठीच बनलेल्या लायब्ररींकडे सोपवून मेहनत वाचवतं. २०२३ मध्ये आलेल्या विनलेटर या ॲपने हे दोन्ही अँड्रॉइडवर एकत्र बांधलं. ओढ होती मुख्यतः पीसीवरच्या गेमची. टंकजुळणी कुणाच्या डोक्यात नव्हती. फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, पण चालतं. अडतं ते डीटीपी सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी पीसीला खोचाव्या लागणाऱ्या डोंगलपाशी. त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसणारा, आणि वाइनमध्ये तो गाभाच नाही.