सुझाना कालूर

सुझाना कालूर (जन्म : १६ फेब्रुवारी १९८१) ही अडथळ्यांच्या जलद शर्यतींत नावाजलेली स्वीडिश धावपटू. वडील अँडर्स कालूर हे न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाचे आइस हॉकीपटू असल्याने सुझाना व तिची जुळी बहीण जेनी यांचा जन्म अमेरिकेत झाला. दोघी स्वीडनमधील फालून येथे वाढल्या आणि दोघींनीही हाच क्रीडाप्रकार निवडला.

सुझानाने २००० मध्ये सांतियागो येथे कनिष्ठ गटाचे जागतिक विजेतेपद पटकावले. २००५ च्या युरोपीय इनडोअर स्पर्धेत ६० मीटर अडथळा शर्यतीत ती पहिली, तर जेनी दुसरी आली. २००६ मध्ये जागतिक इनडोअर स्पर्धेत तिला कांस्यपदक मिळाले. त्याच वर्षी गॉथेनबर्ग येथे, मायदेशी प्रेक्षकांसमोर, १०० मीटर अडथळा शर्यत १२.५९ सेकंदांत जिंकून ती युरोपीय विजेती ठरली. २००७ च्या ओसाका जागतिक स्पर्धेत १२.५१ सेकंद वेळ देऊनही ती चौथी आली; कांस्यपदक अवघ्या ०.०१ सेकंदाने हुकले. त्याच मोसमात बर्लिन येथे तिने १२.४९ सेकंद ही आपली सर्वोत्तम वेळ नोंदविली.

१० फेब्रुवारी २००८ रोजी जर्मनीतील कार्लसरूए येथे तिने ६० मीटर अडथळा शर्यत ७.६८ सेकंदांत पूर्ण करून जागतिक विक्रम केला. आधीचा ७.६९ सेकंदांचा विक्रम १९९० मध्ये सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला नारोझिलेन्को हिने केला होता. हीच धावपटू पुढे ल्युदमिला एंगक्विस्ट या नावाने स्वीडनकडून १९९६ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकली.

विक्रमानंतर मात्र दैव फिरले. महिन्याभरातच व्हॅलेन्सिया येथील जागतिक इनडोअर स्पर्धेच्या अंतिम फेरीतून दुखापतीमुळे तिला माघार घ्यावी लागली. बीजिंग ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत ती पहिल्याच अडथळ्याशी कोसळली. पुढे नडगीच्या हाडाच्या दुखण्याने तिचे अनेक मोसम वाया गेले. तरीही चिकाटी न सोडता २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा उतरली.

ऑलिंपिक पदक तिच्या वाट्याला आले नाही. परंतु तिचा विक्रम सोळा वर्षे अबाधित राहिला. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी बहामाच्या डेव्हिन चार्ल्टन हिने ७.६७ सेकंद वेळ देऊन तो मोडला.