तलातुम: लहान विमान, दख्खनची हवा आणि घरचा सिम्युलेटर

खवळलेल्या पाण्यासाठी उर्दूत 'तलातुम' असा शब्द आहे. थप्पड मारणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो आला. लाटांनी एकमेकींना थपडा मारणे, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीच्या शास्त्रीय परिभाषेत टर्ब्युलन्सला 'संक्षोभ' म्हणतात. दोन्ही भाषा शिकवून पोट भरत असल्यामुळे दोन्ही शब्दांचा मान राखतो, पण लहान विमानाची हवेत जी गत होते तिला तलातुमच शोभतो.

माझा भाचा घरच्या संगणकावर सेसना उडवतो. चिकलठाण्याहून उठतो, दौलताबादच्या किल्ल्यावरून वेरूळकडे वळतो. परवा त्याने विचारले, "मामू, खरं विमान एवढं हलतं का?" सिम्युलेटरच्या नादी लागलेल्या जगभरच्या लोकांचे यावर भांडण आहे. कुणी म्हणतो, विमान पाचोळ्यासारखे उडते, हे अतिच झाले. कुणी म्हणतो, तुम्ही दुपारच्या उन्हात खरे विमान कधी उडवलेलेच नाही. हे भांडण समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

1912 मध्ये टायटॅनिक बुडाले. पुढच्या वर्षी हिमनगांवर नजर ठेवायला 'स्कोशिया' नावाचे जहाज उत्तर अटलांटिकमध्ये पाठवले गेले. त्यावर हवामानतज्ज्ञ म्हणून जेफ्री टेलर हा तरुण इंग्रज होता. जहाजावरून तो पतंग उडवी. पतंगाला उपकरणे बांधून वेगवेगळ्या उंचीवरचे तापमान मोजी आणि त्यावरून हवेतले भोवरे उष्णता खालीवर कशी नेतात याचा हिशेब मांडी. संक्रांतीला आमच्या शहरात गच्च्यागच्च्यांवर जो खेळ चालतो, त्याच खेळातून संक्षोभाचे शास्त्र पुढे सरकले, हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. पतंगबाजाला हवा बोटांना कळते. मांजा ढिला पडला की तो समजतो, हवा बसली.

सिम्युलेटरचा जन्मही असाच गमतीचा. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून लिंकने 1929 मध्ये जागच्या जागी झुलणारे, वळणारे खोटे विमान तयार केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीच्या बागांत खपले. 1934 मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले आणि खराब हवेत, अंधारात काही आठवड्यांत डझनभर वैमानिक दगावले. तेव्हा कुठे लष्कराला लिंकची आठवण झाली आणि त्याची 6 यंत्रे विकत घेतली गेली. पुढच्या यंत्रांत खराब हवेचे हेलकावे देण्याचीही सोय आली. पण तो हेलकावा यंत्राचा होता. खाली डोंगर आहे की तळे, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते.

ही खोड फार काळ टिकली. टेलर, ह्यू ड्रायडन, थिओडोर फॉन कार्मान यांनी हवेतल्या लहानमोठ्या भोवऱ्यांत ऊर्जा कशी वाटलेली असते याची सूत्रे दिली. संगणक त्या सूत्रांत यादृच्छिक आकडे घालतो आणि विमानाला धक्के देतो. सरासरी काढली तर धक्के बरोबर भरतात. ब्रूस आर्टविकचा फ्लाइट सिम्युलेटर 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला आणि सेसना घराघरांत पोहोचली. पुढे कितीतरी वर्षे घरच्या खेळात संक्षोभ म्हणजे कमी-जास्त करण्याचा एक आकडाच होता.

लहान विमानाला मार जास्त का बसतो, याचा हिशेब साधा आहे. सेसना 172 चे भरलेले वजन सुमारे 1,111 किलो आणि पंख 16 चौरस मीटरचे, म्हणजे चौरस मीटरला 70 किलोच्या आसपास. एअरबस ए-320 ला हाच आकडा 600 च्या वर जातो. ओझ्याचा ट्रक आणि रिकामी रिक्षा एकाच खड्ड्यातून नेऊन पाहा. तेव्हा भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर 'हो, हलते' असेच आहे.

उरलेले अर्धे उत्तर आपल्या जमिनीत आहे. मे महिन्यात चिकलठाण्याची पत्र्याची शेड आणि नांगरलेले काळे रान दुपारी तव्यासारखे तापते. तिथली हवा वर उसळते, तिच्यावर पंख न हलवता घारी घिरट्या घालतात. दक्षिणेला पैठणचा नाथसागर मात्र दिवसा रानाइतका तापत नाही, त्याच्यावरची हवा मंदच असते. खुलताबाद-वेरूळच्या पठारावरून वारा आला की कड्याच्या आडोशाला तो खाली कोसळतो. म्हणून शिकाऊ वैमानिकांना सकाळी लवकर उडवतात. हे सगळे पडद्यावर उमटले पाहिजे. 2020 च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरमध्ये डोंगरावरून वाहणारा वारा आला, नंतर तापलेल्या जमिनीवरचे झोतही आले. त्यावर तक्रारी झाल्या, तेव्हा संक्षोभ कमी करण्याची सोयही दिली गेली. अडचण अशी की जगाच्या हवामानाचे आकडे काही किलोमीटरच्या चौकटींत येतात आणि गरम हवेचा झोत काहीशे मीटरचा असतो. चौकटीच्या आतला झोत संगणकाला कल्पनेने भरावा लागतो. शिवाय घरची खुर्ची हलत नाही. खऱ्या वैमानिकाला धक्का आधी बुडाला आणि कानाच्या आतल्या भागाला कळतो. घरी सगळा भार डोळ्यांवर, त्यामुळे तेवढाच धक्का कुणाला अवास्तव वाटतो, कुणाला मिळमिळीत.

माझ्या मते धक्का किती जोराचा यावर वाद घालण्यात वेळ जातो. तो कुठे बसला आणि का बसला, हे विचारायला हवे. नाथसागरावर आणि तापल्या रानावर सारखेच हलणारे विमान मुलाला घाबरायला शिकवते, हवा वाचायला शिकवत नाही.

हवा वाचणारे लोक आपल्या शहराने पाहिले आहेत. ऑगस्ट 2015 मध्ये मराठवाडा दुष्काळाने करपला होता. कृत्रिम पावसासाठी इथे किंग एअर बी-200 हे दोन इंजिनांचे छोटे विमान आले, विभागीय आयुक्तालयाच्या छतावर रडार बसले. 2019 मध्येही हा प्रयोग झाला. इतर वैमानिक जी उसळी टाळतात, ती यांना शोधावी लागते. वाढत्या ढगाच्या तळाशी, हवा जिथे वर चढते तिथे मिठाच्या नळकांड्या पेटवायच्या, म्हणजे कण आपोआप ढगात ओढले जातात. उसळी सापडली नाही तर मीठ वाया. आणि तोच ढग गडगडाटी झाला असेल तर त्याच्यापासून दूर पळायचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर परिसरात अशीच उपकरणांनी भरलेली विमाने ढगांत नेली. टेलरने पतंगाला बांधली होती तशीच उपकरणे, फक्त आता ती पंखाखाली होती.

खाली लोक पावसासाठी आभाळाकडे बघत होते. वर ते विमान कसे हलत असेल, याचा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणी केला नाही.