बंद डब्याची परीक्षा

डबा फोडून पाहिला तर आंतलें अन्न कळतें, पण तो विकण्याजोगा राहत नाहीं. न फोडतां विकला तर घेणाऱ्यास केवळ विश्वासावर घास घ्यावा लागतो. हवाबंद अन्नाच्या धंद्यास हा पेंच जन्मापासूनच आहे.

अन्न बाटलींत भरून, बूच पक्कें बसवून, ती उकळत्या पाण्यांत ठेवली असतां अन्न टिकतें, हें निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थानें १८१० सालीं ग्रंथद्वारें जगापुढें मांडलें. तें कां टिकतें, हें मात्र त्या काळीं कोणासच ठाऊक नव्हतें.

लवकरच लंडनमध्यें ब्रायन डॉन्किन व त्याचे भागीदार कल्हईच्या पत्र्याचे डबे करूं लागले. त्यांची युक्ति साधी होती. डाख लावलेले डबे ते महिनाभर ऊबदार खोलींत ठेवीत. आंत कांहीं कुजत असलें तर वायु सांचून डबा फुगे, व तो बाजूस काढला जाई. येथें परीक्षक होता तो काळ!

पण अशी दक्षता सर्वत्र नव्हती. स्टीफन गोल्डनर या कंत्राटदारानें ब्रिटिश आरमारास पुरविलेल्या मांसाच्या डब्यांपैकीं ३०६ डबे जानेवारी १८५२ मध्यें पोर्टस्मथजवळ फोडण्यांत आले; त्यांतून अवघे ४२ खाण्यायोग्य निघाले. मोठ्या डब्यांच्या मध्यापर्यंत उष्णता पोंचली नव्हती, असें त्याचें कारण सांगतात. भर समुद्रांत खलाशास दुसरें दुकान नसतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ कळतो.

पुढें १८९५ पासून बोस्टन येथें सॅम्युएल प्रेस्कॉट व विल्यम अंडरवुड यांनीं बिघडलेल्या डब्यांचा अभ्यास केला. कांहीं जंतूंचीं बीजें साध्या उकळण्यानें मरत नाहींत. उष्णता व वेळ मोजूनच ठरविलीं पाहिजेत, असें त्यांनीं दाखविलें. इकडे कारखान्यांत काठीनें डबा ठोकणारे पारखी असत. मडकें घेतांना गृहिणी टिचकी मारते, तसाच हा प्रकार. चांगला डबा खणखणीत वाजे, हवा शिरलेला बद्द वाजे.

१८९५ सालींच राँटजेननें क्ष-किरण शोधले. आज सरकत्या पट्ट्यावरचा प्रत्येक डबा त्या किरणांखालून नेतां येतो. धातूचा कण, कांचेचा तुकडा, दगड पडद्यावर उमटतो. जंतु मात्र उमटत नाहींत. म्हणून नमुने उबेंत ठेवण्याची जुनी रीत अद्याप सुटलेली नाहीं. डब्यांत काय पडलें, तें यंत्र सांगेल. अन्न पुरतें तापलें कीं नाहीं, हें तापविणाऱ्याच्या घड्याळावर व त्याच्या प्रामाणिक नोंदीवरच अवलंबून राहतें.